उंबऱ्यावरची दुरडी

“लिख,” पाटील म्हणाले.

मी वर्गाच्या उंबऱ्यापाशी उभा होतो. हातात बोटभर शिसपेन्सिल आणि पोरांना देतो तसलीच एक चिठ्ठी. आत अडतीस पोरं मांडी घालून बसलेली, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. बाहेर ओट्यावर तीन पोरं. त्यातली एक उभी होती. सारजी. वय दहाच्या आसपास.

“मास्तर, चिठ्ठी टाकाशिवाय सुटी नही, तुन्हाच कायदा शे ना? मंग तू बी टाक. आज तुले काय समजनं ते लिख.”

पोरांत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळी हसली. हेडमास्तर पाटलांच्या खुर्चीमागं उभे होते. तेही हसले, पण तोंडावर उपरणं धरून.

माझ्या पायांत कापरं भरलं होतं. खोटं कशाला बोलू? धोतराच्या आत पाय लटलट हलत होते आणि ते पोरांना दिसतंय का, एवढीच मला चिंता पडली होती. वय वीस. गालावर धड दाढी नाही. आयुष्यातली पहिली नोकरी.

“काय लिहू, आबा?” मी विचारलं.

“मी सांगस तसं लिख.”

आणि त्यांनी सांगितलं. मी लिहिलं. शब्द न् शब्द लिहिला, खाली सही केली, आणि चिठ्ठी उंबऱ्यावरच्या दुरडीत टाकली. मग मला सुटी मिळाली.

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला शूरवीर समजायला नको. आमच्यात असल्या गोष्टी सांगताना माणसं छाती पुढं काढतात. मला ते जमत नाही. त्या दिवशी मी काय केलं ते मला माहीत आहे, आणि माझ्याआधी ते एका दहा वर्षांच्या पोरीला माहीत होतं.

आता नीट पहिल्यापासून सांगतो.

आमचं घर नशिराबादकडचं. महारवाड्यातलं. बाप भुसावळच्या यार्डात इंजिनात कोळसा भरायचा. तो घरी यायचा तेव्हा फक्त डोळे आणि दात पांढरे दिसायचे. त्यानं मला शिकवलं. मी फायनल पास झालो, धुळ्याला मास्तरकीचं शिक्षण घेतलं आणि लोकल बोर्डानं मला नेमणुकीचा कागद दिला. पारोळ्याच्या अलीकडं एक गाव. नाव सांगत नाही. हे मोठं युद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीचं.

बापानं कागद हातात घेतला, उलटसुलट केला. वाचता येत नव्हतं त्याला. एवढंच म्हणाला, “जपीसन ऱ्हाय रे भाऊ.” अभिनंदन नाही, काही नाही. बापाला पोरगा मास्तर झाल्याचा आनंद व्हायच्या आधी भीती वाटली. ती मी शिदोरीसारखी बरोबर घेऊन गेलो.

गावात मला खोली कोण देणार? महारवाड्यातच एका म्हातारीच्या घराला पडवी होती, तिथं राहिलो. सारजीचं घर तिथून चौथं. तिला बाप नव्हता. आई शेतमजूर, पाटलांच्याच कपाशीत वेचणीला जायची, सुटीच्या दिवशी सारजीला बरोबर न्यायची.

शाळेत माझ्यासाठी कायदे होते. कुणी कागदावर लिहिले नव्हते, पण पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी बोटावर मोजून सांगितले. खुर्ची दारापाशी. पोरांच्या बैठकीपासून पाच हात लांब. पाटीवर हात लावायचा नाही, पोरानं पाटी वर धरायची आणि मी लांबून बघायची. पाण्याच्या माठाकडं जायचं नाही. आणि आपली पोरं, म्हणजे माझ्या जातीची, ती ओट्यावरच बसणार, “तुम्ही आलात म्हणून त्यात बदल समजू नका.”

“बरं,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बोर्डाकडून या पोरांना आत न घेण्याचा हुकूम नव्हता, उलट सगळ्यांना एकत्र बसवा असा होता. तो मला पाठ होता. पण पाठ असणं वेगळं आणि तोंडातून काढणं वेगळं.

धुळ्याला आम्हांला एक म्हातारे गुरुजी होते. चिडखोर, पण हाडाचे शिक्षक. ते म्हणायचे, “तू शिकवलंस ते मला सांगू नकोस. त्यांना काय कळलं ते सांग.” त्यांची एक रीत होती. धडा संपला की सुटीच्या आधी एकच प्रश्न घालायचा. पोरानं चार ओळींचं उत्तर चिठ्ठीवर लिहायचं आणि घरी जाताना दारात मास्तराच्या हातात द्यायचं. चिठ्ठीवर नाव नाही. नाव असलं की पोर घाबरतं, शेजाऱ्याचं बघून लिहितं. ही परीक्षा पोराची नव्हे, मास्तराची. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचायच्या आणि उद्याचा धडा त्यांनी सांगितलं तिथून सुरू करायचा.

मला ती रीत फार आवडली. हीच माझी चूक, की हेच माझं भाग्य, अजून ठरवता आलेलं नाही.

कागद कुठून आणायचा? शाळेत एका कोपऱ्यात कपाशीच्या सुधारलेल्या बियाण्याच्या जाहिरातींचे गठ्ठे पडले होते. सरकारनं पाठवलेले, कुणी वाटले नव्हते. त्यांची मागची बाजू कोरी. मी एकेकाचे आठ तुकडे केले. शिसपेन्सिली कापून बोटभर तुकडे वाटले. राहिली दारातली गोष्ट. गुरुजी म्हणायचे, चिठ्ठी हातात घ्यायची आणि पोराच्या डोळ्यांत बघायचं. इथं पोराच्या हाताला माझा हात लागला असता तर त्याच्या घरी रात्रभर आंघोळी चालल्या असत्या. मग मी म्हातारीकडून एक दुरडी मागून आणली आणि उंबऱ्यावर ठेवली. जाता जाता पोरं वरून चिठ्ठी टाकायची. आतली आतून टाकायची, ओट्यावरची बाहेरून. हेडमास्तर म्हणाले, दोन दुरड्या करा. मी हो म्हणालो आणि केल्या नाहीत. म्हणजे शौर्य वगैरे काही नाही हो, माझ्याकडं एकच दुरडी होती.

सात महिने हे चाललं. मी रोज पडवीत बसून चिठ्ठ्या वाचायचो. नाव नसलं तरी अक्षर ओळखू यायला लागलं. कुणाचं डुलणारं, कुणाचं मुंग्यांसारखं. सारजीचं अक्षर तर आंधळ्यानंही ओळखलं असतं. ती पेन्सिल इतकी दाबायची की कागद मागून फुगायचा, कधी फाटायचा. तिच्या चिठ्ठ्या मी ट्रंकेत वेगळ्या ठेवायला लागलो. का? कारण ओट्यावर बसून, अर्धं ऐकून, फळा तिरका बघून ती पोरगी जे लिहायची ते आतल्या अडतीस जणांना जमत नव्हतं. मला तिचा गर्व वाटायचा. गर्व पडवीत वाटायचा. शाळेत मी तिच्याकडं बघायचोसुद्धा नाही, कुणाला वाटू नये की मास्तर आपल्या जातीचं बघतोय.

दिवाळी झाली. वार्षिक तपासणीला दिपोटी साहेब, म्हणजे शाळांचे इन्स्पेक्टर, येणार अशी बातमी आली. हेडमास्तरांची धावपळ सुरू झाली. एरवी ते माझ्या चिठ्ठ्यांना “तुमचा पोरखेळ” म्हणायचे, आता तो त्यांना शाळेचा दागिना वाटायला लागला. म्हणून साहेबांच्या आधी तो बघायला त्यांनी पाटलांना बोलावलं. पाटील शाळा कमिटीचे चेअरमन. त्यांचा नातू माझ्याच वर्गात, पहिल्या रांगेत.

त्या दिवशी धडा काळ्या जमिनीचा होता. मी प्रश्न घातला, ‘काळी जमीन पाणी कसं धरून ठेवते?’ पोरांनी लिहिलं. दुरडी भरली. हेडमास्तर पुढं झाले. मी वाचून दाखवली असती तर चाललं नसतं, म्हणून त्यांनी स्वतः दुरडीच्या आतल्या बाजूच्या, आतल्या पोरांच्या समजून, पाच-सहा चिठ्ठ्या चाळल्या, एक निवडली आणि पाटलांना दिली.

मला लांबूनच मागचा फुगलेला कागद दिसला आणि चिठ्ठी कुणाची ते कळलं.

पाटलांना वाचता येत होतं. सावकाश, ओठ हलवत त्यांनी मोठ्यानं वाचलं. “काळी जमीन सुकली की तिला भेगा पडतात. पहिले पाणी भेगात खोल जाते. मग भेगा मिटतात. पाणी आत कोंडून राहाते. म्हणून कपाशीला दिवाळीपर्यंत वरून पाणी लागत नाही.”

पाटील एकदम खूश. मांडीवर थाप मारली त्यांनी. “हाई मी सांगेल नही, मन्हा बापनी सांगेल नही, तरी पोऱ्याले माहीत शे! हाऊ खरा शेतकरीना पोऱ्या शे. हाई रगत बोलस, मास्तर, रगत!”

आणि त्यांनी ती चिठ्ठी घडी करून आपल्या पागोट्यात खोचली. लग्नात मानाचं काही खोचतात तशी. नातवाकडं बघून हसले. नातू खाली बघायला लागला.

“कोनी शे हाई चिठ्ठी? ऊठ रे, लाजू नको.”

कुणी उठलं नाही. मला माहीत होतं. वर्गात एकट्या मला माहीत होतं. त्याच क्षणी मी काहीतरी बोललो असतो, ‘राहू द्या आबा, नाव लिहायची रीत नाही’ एवढं जरी बोललो असतो, तरी निभावलं असतं.

ओट्यावरून आवाज आला.

“मन्ही शे.”

सारजी उभी होती. हसत होती हो! तिला वाटलं, आपलं कौतुक झालं. पागोट्यात चिठ्ठी खोचलेली तिनं बघितली होती. बिचारीला कळलंच नव्हतं, की तेच वाईट झालं होतं.

पाटलांचा हात पागोट्याकडं गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी पागोटं उतरवलं. दोन बोटांच्या चिमटीत चिठ्ठी धरून बाहेर काढली आणि टाकून दिली. ती माझ्या पायाशी येऊन पडली. पागोटं हेडमास्तरांच्या हातात दिलं, “धुवाले धाडा.” मग माझ्याकडं वळले.

“मास्तर, तुले माहीत व्हतं?”

“नाही, आबा,” मी म्हणालो.

किती पटकन म्हणालो! विचार करायला वेळच लागला नाही. भीती माणसाला फार हुशार करते, तोंड आपोआप चालतं.

“मंग हाई पोर खोटं बोलस?”

पाटलांना राग तिच्यावर नव्हताच फारसा. त्यांचा अपमान झाला होता तो त्यांच्याच तोंडानं. रगत बोलस म्हणाले होते ना? ते आता परत गिळायचं कसं? त्यासाठी ती चिठ्ठी तिची नसणं भाग होतं. आणि ते लिहून द्यायला मी होतो.

म्हणून म्हणाले, लिख.

मी लिहिलं ते असं. ‘सदर चिठ्ठी सारजीची नाही. तिला धडा समजत नाही. ती खोटे बोलली.’ खाली माझी सही. दुरडीत टाकली. हेडमास्तरांनी ती उपरण्याच्या टोकानं उचलून पोरांना वाचून दाखवली, मग हजेरीपट उघडून सारजीच्या नावावर आडवी रेघ मारली. शेऱ्यात लिहिलं, ‘नाव कमी.’

सारजी ओरडली नाही, रडली नाही. तिनं पाटी घेतली. जाताना तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी खाली बघितलं, पाटलांच्या नातवानं बघितलं होतं तसंच.

सगळे गेल्यावर मी वाकून तिची चिठ्ठी उचलली. धूळ झटकली. कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. का ठेवली, तेव्हा सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी तिची आई पडवीपाशी आली. कपाशीच्या बोंडांनी बोटं चिरलेली, पदराला कापूस चिकटलेला. आत आली नाही. बाहेरूनच म्हणाली, “भाऊ, मन्ही पोर खोटं बोलस का?”

मी म्हणालो, “अक्का, माझी नोकरी...”

“नोकरीनं नही इचारं. पोर खोटं बोलस का?”

ती पदरावरचा कापूस वेचत राहिली. “तुम्ही लिखी दिधं. आते गावले मी काय सांगू?” म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेचा रस्ता बदलला. सारजीच्या दारावरून जायला नको म्हणून मागच्या नाल्यातून जायचो. काटे लागायचे, धोतर फाटायचं, लांब पडायचं. पण तिकडून जायचो. दहा-अकरा दिवस गेलो. शाळेत दुरडी होतीच. पोरं चिठ्ठ्या टाकायची. मी त्या घरी आणायचो आणि वाचायचो नाही. कुठल्या तोंडानं वाचू? पोरांना काय कळलं ते तपासणारा मी कोण? एका पोरीला कळलं होतं आणि मी तिला कळलं नाही असं लिहून दिलं होतं.

कुणी मोठ्यानं हाक मारली की मी दचकायचो. मला वाटायचं, पाटील पुन्हा बोलावतील, आणखी काही लिहून घेतील, आणि मी तेही लिहीन. याचीच सगळ्यात जास्त भीती वाटायची. पाटलांची नाही, माझीच. एकदा लिहिलेला माणूस किती वेळा लिहील?

मग एके दिवशी शाळा सुटल्यावर नाल्यात सारजी समोर आली. डोक्यावर कापसाचं गाठोडं. आता ती रोज आईबरोबर वेचणीला जात होती. पळायला जागा नव्हती, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं.

ती थांबली. म्हणाली, “मास्तर, तुमले माहीत व्हतं ना?”

एवढंच विचारलं तिनं. रागानं नाही. एखादं गणित अडलं की विचारायची तसं.

“हो,” मी म्हणालो. “माहीत होतं.”

“मंग?”

मला उत्तर येईना. तिनं वाट बघितली. खरंच वाट बघितली, मास्तर आहेत, सांगतील काहीतरी, अशी. मग तिला कळलं की येत नाही. गाठोडं डोक्यावर सारखं केलं आणि विचारलं, “आज काय इचारं पोरेसले?”

मी म्हणालो, “दुपारी सावली आखूड का होते, असं विचारलं.”

तिनं वर बघितलं, खाली बघितलं. “सूर्य डोकावर ऊना का सावली पायखाले येस. सरकाले जागाच नही ऱ्हात.”

“बरोबर,” मी म्हणालो.

ती मान हलवून निघून गेली. धडा तिनं ऐकला नव्हता. शेतात उन्हात उभं राहून तिला कळलं होतं. आणि हे उत्तर कुठंच लिहिलं जाणार नव्हतं. उद्या कुणी म्हटलं तिला समजत नाही, तर तिच्याकडं दाखवायला काहीच नव्हतं. गावात कागद एकच होता, माझ्या सहीचा, आणि तो खोटा होता.

मी नाल्यात दगडावर बसलो आणि हमसून हमसून रडलो. पोरीनं मला परीक्षेला बसवलं होतं. एकच प्रश्न. मंग? मी कोरी चिठ्ठी टाकून आलो होतो.

चार दिवसांनी दिपोटी साहेब आले. शाळा सारवलेली, दाराला आंब्याची पानं. पाटील खुर्चीवर, नवं पागोटं. मी सकाळपासून तीनदा बाहेर जाऊन आलो होतो. कोटाच्या खिशात ती चिठ्ठी होती. दुसऱ्या खिशात सारजीच्या सात महिन्यांच्या चिठ्ठ्या, सुतळीनं बांधलेल्या. खरं सांगतो, त्या बाहेर काढीन याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

साहेब शहरातले. शांत बोलायचे, चष्म्यावरून बघायचे. हजेरीपट चाळता चाळता त्यांचं बोट थांबलं. “ही एक मुलगी कमी झालेली दिसते. का?”

हेडमास्तर तयारच होते. “साहेब, समज कमी. शिवाय खोटं बोलण्याची सवय. यांनीच लिहून दिलंय,” असं म्हणून त्यांनी हजेरीपटातून माझी चिठ्ठी काढली. जपून ठेवली होती.

साहेबांनी ती टेबलावर ठेवायला सांगितली, वाकून वाचली. मग मला विचारलं, “हे अक्षर तुमचं?”

पाटलांनी पाय हलवायचं थांबवलं. मला बाप आठवला. जपीसन ऱ्हाय. ही नोकरी गेली तर तो पुन्हा एकटाच कोळसा ओढणार होता. मला सगळं आठवलं, आणि वाटलं, हो म्हण आणि सुटून जा.

“अक्षर माझं आहे,” मी म्हणालो. आवाज फाटला. पुन्हा म्हणालो, “अक्षर माझं आहे साहेब, पण मजकूर खोटा आहे. मी भिऊन लिहिला.”

“मास्तर!” हेडमास्तर ओरडले.

मी खिशातून सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. सुतळी सुटेना, दातानं तोडली. टेबलावर ओतल्या. धुळीची ती चिठ्ठी सगळ्यांच्या वर ठेवली. “हे तिचं अक्षर. हे सात महिन्यांचं. हिला समजतं. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त समजतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

पाटील उठले आणि बाहेर गेले. जाताना माझ्याकडं बघितलं. ते बघणं अजून कधीकधी स्वप्नात येतं.

साहेबांनी काय केलं? त्यांनी टेबलावरचा रूळ उचलला आणि रुळाच्या टोकानं एकेक चिठ्ठी उलटून बघितली. हात लावला नाही. दहा-बारा बघितल्या. “हं,” म्हणाले. “मुलीला पुन्हा बसू द्या, पूर्वीच्याच जागी.” आणि पुढच्या वर्गाकडं निघाले. पूर्वीच्याच जागी म्हणजे ओट्यावर. न्याय तोही रुळाच्या टोकानं मिळाला.

सुटीची घंटा झाली. पोरं चिठ्ठ्या घेऊन उठली, रांगेनं दुरडीकडं आली. मी ती दुरडी बघितली. सात महिने मीच ती मांडली होती. पाटलांनी नाही, हेडमास्तरांनी नाही. मी स्वतःच्या हातांनी रोज ठेवत आलो होतो, कुणाचा हात माझ्या हाताला लागू नये म्हणून. आणि त्याच दुरडीत मी ते खोटं टाकलं होतं.

मी दुरडी उचलली आणि ओट्याखाली फेकून दिली. हात पुढं केला.

“हातात द्या,” मी म्हणालो.

रांग थांबली. पुढचा पोरगा पाटलांचा नातू. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं, मागं बघितलं, चिठ्ठी मुठीत चुरगाळली आणि माझ्या बगलेखालून अंग चोरून पळाला. मग सगळे पळाले. एकेक करून अडतीस. कुणाची चिठ्ठी दारात पडली, कुणाची अंगणात. ओट्यावरच्या दोन पोरांनी दिल्या. फक्त दोन. मी हात पुढं करून उभा राहिलो तो शेवटचं पोर जाईपर्यंत. हात मागं घेतला नाही.

संध्याकाळी मी सारजीच्या दारावरून, नेहमीच्या रस्त्यानं घरी आलो. तिच्या आईला सगळं सांगितलं. पोरीला पुन्हा बसू देतायत, तेही सांगितलं. आई काही बोलायच्या आत सारजीच म्हणाली, “वट्टावर नही. आत बसाडशात तं येसू.”

आत बसवणं माझ्या हातात नव्हतं. तीनच आठवड्यांत माझी बदली झाली, पार सातपुड्याच्या पायथ्याला. ती पुन्हा शाळेत गेली नाही. ओट्यावर गेली नाही आणि आत कुणी घेतली नाही. मी बरंच काही सांगू शकलो असतो, की पुढं ती शिकली, मोठी झाली. मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की तिचं नाव माझ्या सहीनं कापलं गेलं, आणि मी नंतर कितीही खरं बोललो तरी ती रेघ पुसली गेली नाही. हे मी झाकत नाही.

आता दहा वर्षं झाली. मी अजून मास्तर आहे. चार शाळा झाल्या. प्रत्येक गावात पहिल्या दिवशी कुणीतरी बोटावर मोजून कायदे सांगतं, आणि अजून माझे पाय कापतात. भीती गेलेली नाही. जाईल असं वाटतही नाही. पण मी गुरुजींची रीत एका जागी मोडली. त्यांनी सांगितलं होतं, नाव लिहू नका. मी म्हणतो, आधी नाव लिहा. पूर्ण लिहा, दाबून लिहा, कागद फाटला तरी चालेल. उत्तर ज्याचं, त्याच्याच नावावर राहील. ते कुणाच्या रगताचं म्हणून कुणी पागोट्यात खोचणार नाही, आणि कुणी मला ते नाकारायला लावणार नाही.

ओट्यावर कुणी बसत नाही माझ्या वर्गात. त्यापायी दोनदा मार खाल्ला, एकदा शाळा महिनाभर बंद पडली. पडू दे.

सुटीच्या वेळी मी दारात उभा राहतो. दुरडी नाही, सूप नाही, टेबल नाही. हात पुढं. नाव लिहिल्याशिवाय चिठ्ठी नाही आणि हातात दिल्याशिवाय सुटी नाही. हा कायदा माझा आहे. ज्याला मोडायचा असेल त्यानं समोर येऊन मोडावा. मी दुसऱ्याच्या सांगण्यावरून पुन्हा लिहिणार नाही.